तटस्थतेचा आग्रह कोणाच्या सोयीचा?

विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांची निवडणूक जवळ आली आणि प्राध्यापकांच्या एखाद्या संघटनेने सभा भरवून, ठराव करून, अमुक एका उमेदवारास आपला पाठिंबा असल्याचे जाहीर केले, की आपल्याकडील सुशिक्षित वर्गातून एक ठरावीक स्वरूपाचा निषेध ऐकू येऊ लागतो. तरुणांना स्वतंत्र विचार करावयास शिकविणे हा ज्यांचा धर्म, त्यांनी स्वतः मात्र संघटनेच्या आदेशाने मत द्यावे. सर्व पक्षांचे मूल्यमापन ज्यांनी समबुद्धीने करावयाचे, त्यांच्याच स्टाफरूमच्या फलकावर एका उमेदवाराचे पत्रक झळकावे. आणि हे सारे वेतनश्रेणी, थकबाकी व निवृत्तिवेतन यांच्यासाठी व्हावे, हे विद्येच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, असा त्या निषेधाचा आशय असतो. असा आक्षेप घेणाऱ्यांत स्वार्थी माणसे थोडी. पुष्कळसे लोक शिक्षणाविषयी मनापासून आस्था बाळगणारे, काही तर स्वतः उत्तम अध्यापक असतात, आणि म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर दिले पाहिजे. माझे मत असे आहे की विधिमंडळाच्या निवडणुकीत उघडपणे, सकारण आणि सभासदांच्या मताने उमेदवारास पाठिंबा देणे हा प्राध्यापक संघटनेचा अधिकार तर आहेच, पण आजच्या परिस्थितीत ते तिचे कर्तव्यही आहे. आणि जी तटस्थता तिच्याकडून मागितली जाते ती तिने पाळलीच, तर त्यात लाभ होईल तो विद्यापीठांच्या कारभारात ज्यांना कोणाची आडकाठी नको असते त्यांचा.

प्रथम प्राध्यापकाचा राज्यसंस्थेशी संबंध काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण आक्षेपकांच्या मनात प्राध्यापकाचे जे चित्र असते ते ग्रंथालयात बसून अध्ययन करणाऱ्या, कोणाच्याही आश्रयाची अपेक्षा नसलेल्या स्वतंत्र विद्वानाचे असते, आणि वस्तुस्थिती तशी नाही. खाजगी संस्थेच्या अनुदानित महाविद्यालयात शिकविणाऱ्याची नेमणूक संस्था करते हे खरे. परंतु त्याचे पद मंजूर करते शासन, ते पद भरण्याची परवानगी देतो किंवा रोखून धरतो वित्त विभाग, त्याच्या वेतनश्रेणीची शिफारस विद्यापीठ अनुदान आयोगाने केली तरी ती राज्यात लागू होते मंत्रिमंडळाच्या मान्यतेने व त्यामागून निघणाऱ्या शासन निर्णयाने, आणि त्या शासन निर्णयातील एखाद्या कलमाने कित्येकांची वर्षानुवर्षांची सेवा ग्राह्य किंवा अग्राह्य ठरते. गिरणीतील किंवा कारखान्यातील मजुरास अशा प्रसंगी औद्योगिक न्यायालयाचा दरवाजा उघडा असतो. शिक्षकास तो नाही. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांचा समावेश ‘उद्योगा’च्या व्याख्येत केला होता, परंतु १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेने सेवासमाप्तीविरुद्ध दाद मागितली तेव्हा त्याच न्यायालयाने असा निर्णय दिला की संस्था हा उद्योग असला तरी तीत शिकविणारा शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने कामगार ठरत नाही, कारण शिक्षणदान हे व्रतासारखे उदात्त कार्य आहे. निर्णयाची कायदेशीर मीमांसा येथे करावयाची नाही. त्याचा परिणाम मात्र ध्यानात घ्यावयास हवा. बडतर्फी व पदावनती यांविरुद्ध अपील करण्यासाठी महाराष्ट्रात विद्यापीठीय व महाविद्यालयीन न्यायाधिकरण आहे. पण पदे किती असावीत, वेतन काय असावे, सेवाशर्ती कोणत्या असाव्यात, या प्रश्नांचा निवाडा करणारा कोणताही लवाद प्राध्यापकाला उपलब्ध नाही. ते प्रश्न मंत्रालयात ठरतात, आणि मंत्रालयास जाब विचारण्याची घटनात्मक जागा विधिमंडळ ही एकच आहे. ज्याच्या व्यवसायाच्या उदात्ततेचा आधार घेऊन त्याला लवादाचा मार्ग बंद केला, त्याला पुन्हा त्याच उदात्ततेचा दाखला देऊन विधिमंडळाच्या दारापासूनही दूर राहा म्हणून सांगणे, हा मला उघड अन्याय वाटतो.

प्रश्न केवळ वेतनाचा असता तरीही माझे म्हणणे मी सोडले नसते. पण तो तेवढाच नाही. विद्यापीठाची अंतर्गत रचनाच विधिमंडळ ठरविते. १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम जाऊन २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम आला, तेव्हा विद्यापीठाच्या अधिकारमंडळांवर निवडून येणाऱ्यांच्या तुलनेत नामनिर्देशित सदस्यांचे प्रमाण वाढले. अधिसभेत आणि व्यवस्थापन परिषदेत कोण बसणार, अभ्यासमंडळे कशी बनणार, हे त्या कायद्याने ठरले. पुढे २०२१ च्या डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, कुलगुरूंच्या निवडीत राज्य शासनाचे स्थान वाढविणारी आणि मंत्र्यांना प्र-कुलपती करणारी सुधारणा संमत झाली, आणि सत्तांतरानंतर ती मागे घेण्यात आली. या दोन्ही निर्णयांपैकी कोणता योग्य होता याविषयी प्राध्यापकांत मतभेद आहेत, असावेतही. परंतु विद्यापीठाचा कुलगुरू कोणी निवडावा हा प्रश्न ज्या सभागृहात एका सायंकाळी सुटतो, त्या सभागृहात कोणी बसावे याविषयी विद्यापीठातील अध्यापकांच्या एकमेव संघटित संस्थेने मौन पाळावे, ही अपेक्षा तटस्थतेची म्हणावी तर ती कोणाच्या बाजूने झुकलेली आहे हे सांगावयाची गरज उरत नाही.

प्राध्यापकाने राजकारणापासून दूर राहावे ही आपली परंपराच आहे, असेही काही वेळा सांगितले जाते. महाराष्ट्राचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असतानाच १८९९ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात गेले. अध्यापनातून निवृत्त झाल्यावर केंद्रीय कौन्सिलात त्यांनी दरवर्षी अंदाजपत्रकाची जी चिकित्सा केली आणि १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे जे विधेयक मांडले, त्यांतून वर्गात वर्षानुवर्षे केलेल्या परिश्रमाचाच प्रत्यय येतो. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे द्विदल राज्यपद्धतीत १९२१ मध्ये मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. ग. प्र. प्रधान इंग्रजीचे अध्यापन करीत करीत पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत गेले, अठरा वर्षे तेथे राहिले आणि विरोधी पक्षनेतेही झाले. त्यामुळे त्यांच्या अध्यापकत्वास उणेपणा आला असे त्यांचा एकही विद्यार्थी म्हणणार नाही. यावर आक्षेपकांचे उत्तर असे की ही थोर माणसे व्यक्ती म्हणून गेली, संघटनेच्या पाठिंब्याने नव्हे. हे उत्तर अर्धेच खरे आहे. गोखल्यांच्या काळी मतदार मूठभर होते व ते उमेदवारास प्रत्यक्ष ओळखीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि सार्वजनिक सभा यांच्या कार्यातून त्यांची पारख आधीच झालेली होती. आज एकेक मतदारसंघ पाच-पाच, सहा-सहा जिल्ह्यांवर पसरलेला असतो. गोंदियाच्या प्राध्यापकास वर्ध्याचा उमेदवार कसा आहे हे कळावे कसे? ज्याच्याकडे द्रव्य आहे आणि ज्याच्यामागे पक्षाचे यंत्र आहे त्याचे नाव गावोगाव पोहोचतेच; ज्याच्याजवळ या दोन्ही गोष्टी नाहीत, पण विद्यापीठ कायद्याची खडान्‌खडा माहिती आहे आणि वीस वर्षांच्या चळवळीत तावूनसुलाखून निघालेली निष्ठा आहे, त्याचे नाव मतदारापर्यंत नेण्याचे साधन संघटनेवाचून दुसरे कोणते?

येथे कायद्याचीही एक बाजू आहे व ती आक्षेपकांच्या लक्षात येत नाही. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे विधान परिषदेचे सुमारे एक द्वादशांश सदस्य शिक्षकांनी व तितकेच पदवीधरांनी निवडून द्यावयाचे असतात. महाराष्ट्रात परिषदेचे ७८ सदस्य असून त्यांत शिक्षकांचे ७ व पदवीधरांचे ७ आहेत. शिक्षक मतदारसंघात मत देण्यासाठी माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाची नसलेल्या संस्थेत मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकविलेले असावे लागते. मतदार कोण असावा याविषयी घटनेने एवढी काळजी घेतली, पण उमेदवार कोण असावा याविषयी तशी अट घातली नाही. १९७२ साली तामिळनाडूतील एका पदवीधर मतदारसंघाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टपणे सांगितले की पदवीधरांच्या प्रतिनिधीने स्वतः पदवीधर असले पाहिजे असे बंधन घटनेत नाही, आणि न्यायालय ते आपल्या पदरचे घालू शकत नाही. तेव्हा शिक्षकांच्या नावाने राखलेल्या जागेवर संस्थाचालक निवडून येऊ शकतो, ठेकेदार निवडून येऊ शकतो, ज्याने उभ्या आयुष्यात खडू हाती धरला नाही असा कोणीही निवडून येऊ शकतो, आणि त्यास कायद्याची हरकत नाही. घटनेने मोकळी सोडलेली ही जागा भरून काढावयाची ती मतदारांच्या विवेकाने, आणि संघटनेचा पाठिंबा हे तो विवेक एकत्र येऊन व्यक्त होण्याचे साधन आहे. ज्या संस्थाचालकाकडून वेतनाच्या पावतीवर सही घेऊन रोख रकमेचा काही भाग परत मागितला जातो अशी तक्रार विनाअनुदानित महाविद्यालयांतून वारंवार ऐकू येते, तोच जर उद्या शिक्षकांचा आमदार होऊन सभागृहात बसू लागला, तर त्या शिक्षकांनी कोणाकडे पाहावे?

विदर्भातील उदाहरण या संदर्भात मला फार महत्त्वाचे वाटते. नागपूर विद्यापीठाच्या अध्यापकांची ‘नुटा’ ही संघटना आपल्या उमेदवारास उघडपणे उभे करीत असे, आणि तिच्या पाठिंब्यावर प्रा. बी. टी. देशमुख अमरावती पदवीधर मतदारसंघातून सुमारे तीस वर्षे विधान परिषदेत होते. त्या तीस वर्षांत सरकारे बदलली, आघाड्या मोडल्या व नव्या जुळल्या. परंतु या एका सदस्यास आपला मालक कोण हे ठाऊक होते. त्यांनी शिक्षकांच्या सेवाशर्तींचे प्रश्न तर नेटाने मांडलेच, पण विदर्भाच्या अनुशेषाचा, विशेषतः सिंचनाच्या अनुशेषाचा प्रश्न अंदाजपत्रकातील आकडे, नियम आणि घटनेच्या ३७१ (२) व्या अनुच्छेदाखालील तरतुदी यांच्या आधारे असा लावून धरला की पुढच्या सर्व चर्चांना त्या पद्धतीची दखल घ्यावी लागली. प्राध्यापक संघटनेचा पाठिंबा म्हणजे केवळ पगारासाठी केलेली सौदेबाजी, असे ज्यांना वाटते त्यांनी या प्रकरणाचा अवश्य अभ्यास करावा. संघटनेने पाठविलेला माणूस प्रदेशाच्या पाण्याविषयी बोलला, कारण संघटनेने त्याची निवड करताना त्याच्या अभ्यासाची परीक्षा आधीच घेतली होती. आणि पक्षश्रेष्ठींची मर्जी राखावी लागत नसल्यामुळे त्याला ते बोलता आले.

पाठिंबा देऊ नये असे म्हणणाऱ्यांनी मग संघटनेने करावे काय, हेही सांगावयास हवे. शिष्टमंडळे न्यावीत, निवेदने द्यावीत, चर्चा करावी, असे त्यांचे उत्तर असते. निवेदने दिली गेली आहेत; अशा निवेदनांचे गठ्ठे मंत्रालयाच्या दप्तरांत किती असतील याची गणतीच नाही. ती निष्फळ ठरली म्हणजे काय होते याचा अनुभव महाराष्ट्राने २०१३ मध्ये घेतला आहे. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या कालावधीत नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण नसताना नियुक्त झालेल्या अध्यापकांची सेवा कोणत्या दिनांकापासून धरावी हा प्रश्न, सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा प्रश्न, असे कित्येक प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले, आणि अखेर महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, ज्याला सर्वजण ‘एमफुक्टो’ म्हणतात, त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीपासून परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. तो मे महिन्यापर्यंत चालला. लक्षावधी विद्यार्थ्यांच्या परीक्षा खोळंबल्या, उच्च न्यायालयास लक्ष घालावे लागले, शासनाने प्राध्यापकांचे ७१ दिवसांचे वेतन रोखले आणि त्याचाही वाद न्यायालयात गेला. त्या बहिष्काराचे नैतिक मूल्यमापन मी येथे करीत नाही. मागण्यांपैकी काही निःसंशय न्याय्य होत्या. परंतु ज्या विद्यार्थ्याचा त्या प्रश्नाशी कसलाही संबंध नव्हता, ज्याला पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका वेळेवर हवी होती, त्याने ते तीन महिने कसे काढले असतील याचा विचार केला की मन अस्वस्थ होते. पाठिंब्याने कोणत्या विद्यार्थ्याची परीक्षा पुढे ढकलली गेली? पाठिंब्यामुळे कोणता तास बुडाला? जो उपाय कोणाही तिसऱ्याला इजा न करता, मतपत्रिकेच्या मार्गाने, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या पद्धतीने करता येतो, त्याला अशोभनीय म्हणावयाचे आणि तो बंद झाल्यावर जो उपाय हमखास पुढे येतो त्याकडे पाठ फिरवावयाची, ही भूमिका विद्यार्थ्यांच्या हिताची खचितच नव्हे.

पाठिंबा न देण्याचा दुसरा पर्याय आहे तो मला अधिकच घातक वाटतो. संघटना उघडपणे काही बोलत नाही, परंतु तिचे चार पदाधिकारी रात्री एखाद्या मंत्र्याच्या निवासस्थानी जाऊन येतात, आणि दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्याजिल्ह्यांत दूरध्वनी सुरू होतात. ठराव नाही, कारणे नाहीत, उमेदवाराने काय मान्य केले याचा कोठे लेखी पुरावा नाही. उघड पाठिंब्यास बंदी केल्याने संघटना राजकारणातून बाहेर पडत नाही. ती केवळ सभासदांच्या नजरेआड राजकारण करू लागते.

आता सभासदाच्या स्वातंत्र्याचा आक्षेप. तो खरोखर वजनदार आहे, आणि पाठिंब्याच्या समर्थकांनी त्याकडे दुर्लक्ष केलेले मला पसंत नाही. एखादा प्राध्यापक संघटनेचा सभासद होतो तो सेवाशर्तींच्या रक्षणासाठी; ज्या उमेदवाराची मते त्यास अमान्य आहेत त्याच्या प्रचारासाठी त्याची वर्गणी का वापरावी? या प्रश्नावर जगात पुष्कळ खल झाला आहे. इंग्लंडात १९०९ च्या ऑसबर्न निर्णयाने कामगार संघटनांना राजकीय कारणासाठी निधी वापरण्यास मनाई झाली आणि १९१३ च्या कायद्याने स्वतंत्र राजकीय निधीची मुभा देण्यात आली. अमेरिकेत सार्वजनिक नोकरांच्या संघटनेला सभासद नसलेल्यांनीही सक्तीने शुल्क द्यावे की नाही हा वाद १९७७ च्या एका निर्णयापासून २०१८ च्या निर्णयापर्यंत चालला, आणि अखेर ती सक्ती घटनाबाह्य ठरली. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या प्राध्यापकांची संघटना त्या निर्णयानंतरही राज्याच्या विधिमंडळासाठी उमेदवारांना पाठिंबा जाहीर करतेच, कारण त्या विद्यापीठाच्या खर्चाची तरतूद सॅक्रॅमेंटो येथील विधिमंडळाकडून होते. फक्त तिला आता स्वेच्छेने आलेल्या सभासदांच्या बळावर उभे राहावे लागते. आपल्याकडे हा तिढा फार पूर्वीच सुटलेला आहे. १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमाच्या १६ व्या कलमात म्हटले होते की राजकीय कार्यासाठी संघटनेने वेगळा निधी उभारावा, त्यात वर्गणी देण्याची सक्ती कोणावरही नसावी, आणि जो देणार नाही त्यास संघटनेच्या कोणत्याही लाभापासून वंचित करता येऊ नये. ज्या प्राध्यापक संघटना त्या कायद्याखाली नोंदलेल्या नाहीत त्यांनीही हे कलम आपल्या घटनेत जसेच्या तसे घालून घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एवढे झाले म्हणजे सभासदाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उरत नाही. मतदान गुप्त असते. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते. मतदाराने एक, दोन, तीन असे पसंतीक्रम आपल्या हाताने लिहावयाचे असतात, म्हणजे संघटनेने सुचविलेल्यास दुसरी पसंती देऊन आपल्या मनातील उमेदवारास पहिली देण्याचीही त्यास सोय आहे. पाठिंबा हा सल्ला आहे. सल्ला ऐकून स्वतःचे मत बनविण्याची पात्रता प्राध्यापकाच्या अंगी नसेल, तर त्याला स्वतंत्र मतदारसंघ देणाऱ्या घटनाकारांचाच अंदाज चुकला असे म्हणावे लागेल, आणि ते मानावयास मी तयार नाही.

स्वार्थाच्या आक्षेपाविषयी मात्र मला संघटनांशीही भांडावयाचे आहे. निवृत्तिवेतनाच्या मागणीत लाजण्यासारखे काही नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारली गेली, आणि त्या पिढीच्या मनातील अस्वस्थता किती खोल आहे हे २०२३ च्या फेब्रुवारीत नागपूर शिक्षक मतदारसंघाच्या निकालाने दाखविले. त्याआधी डिसेंबरात, नागपूरच्याच अधिवेशनात, तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा भार येईल असे सांगून जुनी योजना नाकारली होती. निवडणुकीत शिक्षक परिषदेचे व भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा असलेले विद्यमान सदस्य नागो गाणार यांचा पराभव झाला आणि विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले महाविकास आघाडीच्या पाठिंब्याने निवडून आले. मार्चमध्ये राज्यव्यापी संप झाला, तो समिती नेमल्यावर मिटला. दोन संघटना, दोन उमेदवार, एक स्पष्ट प्रश्न आणि मतदारांचा एक स्पष्ट कौल. लोकशाहीत याहून वेगळे काय व्हावयास पाहिजे? शेतकऱ्याने उसाच्या भावासाठी मत दिले तर आपण त्यास जागृती म्हणतो, व्यापाऱ्याने करासाठी दिले तर त्यास व्यवहार म्हणतो. शिक्षकाने म्हातारपणाच्या भाकरीसाठी दिले तर मात्र विद्येचा अधःपात झाला म्हणून हळहळतो. हा पक्षपात आहे आणि तो सोडला पाहिजे.

पण याच ठिकाणी संघटनांचे अपुरेपण मला असह्य वाटते. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अध्यापनाचा केवढा तरी भार तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण अध्यापकांवर आहे. पीएच.डी. झालेला, नेट उत्तीर्ण असलेला, पस्तिशी-चाळिशीला पोहोचलेला माणूस तासामागे मानधन घेतो. सुटीचे त्याला काही मिळत नाही, सत्र संपले की त्याची नेमणूक संपते, आणि पुढच्या जूनमध्ये त्याने पुन्हा अर्ज घेऊन त्याच प्राचार्यांच्या दारात उभे राहावयाचे. त्याच्या पलीकडे ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का मारलेल्या महाविद्यालयांतील अध्यापक आहेत, ज्यांना वेतनश्रेणी हा शब्द केवळ जाहिरातीत वाचावयास मिळतो. संघटनेने पाठिंबा देताना उमेदवाराकडून थकबाकीचे आश्वासन घ्यावे आणि या माणसाचा उल्लेखही करू नये, असे जेथे जेथे घडते तेथे तेथे आक्षेपकांचा स्वार्थाचा आरोप खरा ठरतो. त्यावरील उपाय मात्र आक्षेपक सांगतात तो नाही. संघटनेने गप्प बसल्याने तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या पदरात काहीही पडणार नाही. पडेल ते पाठिंब्याच्या अटींत त्याच्या पदाचा प्रश्न सर्वांच्या आधी घातल्यानेच.

आणि म्हणून पाठिंबा कसा द्यावा हा प्रश्न मला पाठिंबा द्यावा की नाही या प्रश्नाहून मोठा वाटतो. पक्षाने उमेदवार ठरवून टाकल्यावर त्याच्या नावापुढे ‘शिक्षक संघटना पुरस्कृत’ असे छापण्यास अनुमती देणे, याला मी पाठिंबा म्हणत नाही. ते आपले नाव भाड्याने देणे आहे. खरा पाठिंबा द्यावयाचा तर संघटनेने सर्व उमेदवारांना एकच लेखी प्रश्नावली पाठवावी, आलेली उत्तरे, आणि उत्तर न आल्यास ती गोष्टही, सर्व सभासदांना जशीच्या तशी कळवावी, जिल्हा शाखांच्या सभांत त्यावर मोकळी चर्चा होऊन गुप्त मतदानाने निर्णय घ्यावा, विरोधी मते किती पडली ते लपवू नये, आणि ज्या कारणांसाठी निर्णय झाला ती ठरावातच लिहावीत. निवडून आलेल्या सदस्याने सहा वर्षांत किती तारांकित प्रश्न विचारले, किती लक्षवेधी सूचना दिल्या, अर्धा तास चर्चा कोणत्या विषयांवर मागितल्या, विद्यापीठ विधेयकांवर कोणत्या दुरुस्त्या सुचविल्या, याची नोंद विधिमंडळाच्या कार्यवृत्तांत असते. ती काढून दरवर्षी छापणे कोणत्याही संघटनेस अशक्य नाही. अभ्यास करणे, पुरावा तपासणे, कारणासह निष्कर्ष लिहिणे हे तर प्राध्यापकाचे नित्याचे काम आहे. तेच काम त्याने आपल्या प्रतिनिधीच्या निवडीस लावावे, एवढीच अपेक्षा आहे.

विधान परिषदच नको, किंवा शिक्षकांना वेगळा मतदारसंघच नको, असे म्हणणारेही आहेत. ती चर्चा स्वतंत्र आहे आणि ती संसदेत व विधानसभेत व्हावयाची आहे. मतदारसंघ आहेत तोवर त्यांत कोणी तरी निवडून येणारच, आणि तो कोण असावा हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही.

पुणे व अमरावती शिक्षक मतदारसंघांतून २०२० च्या डिसेंबरात निवडून आलेल्या सदस्यांची सहा वर्षांची मुदत २०२६ च्या डिसेंबरात पुरी होते. या मतदारसंघांच्या याद्या प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होतात, १ नोव्हेंबर हा अर्हता दिनांक धरला जातो, आणि ज्याने अर्ज भरला नाही त्याचे नाव जुन्या यादीत असले तरी नव्या यादीत येत नाही. तेव्हा संघटनांनी पहिले काम नोंदणीचे करावे आणि उमेदवारांची नावे बाहेर येण्याची वाट न पाहता प्रश्नावली आधीच तयार ठेवावी. तीत पहिला प्रश्न असा असावा : अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे किती काळात भरण्याचा आग्रह आपण धराल, आणि ती भरताना त्या पदांवर आज तासिका तत्त्वावर शिकवीत असलेल्यांच्या सेवेचा विचार व्हावा म्हणून सभागृहात कोणती दुरुस्ती मांडाल? उत्तर लेखी हवे, सहीनिशी हवे, आणि ते आल्यावाचून कोणत्याही उमेदवाराच्या नावाचा ठराव सभेपुढे येऊ नये.